शनिवार पेठ ते जुन्नर : एका दिवसाच्या सहलीचा धंदा

गेल्या काही महिन्यांत या पानाच्या वाचकांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत आहे. "आमच्याकडे गाडी आहे, गाडीला काम आहे, पण धंदा दुसऱ्याचा आहे. काय करावे?" विचारणारे बहुतेक तरुण आहेत. कोणाची सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर आहे, कोणाची सुमो. गाडी एखाद्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे लावलेली असते. किलोमीटरच्या हिशेबाने भाडे मिळते. ग्राहक कोण, त्याने किती पैसे दिले, तो खूष झाला की नाराज, याच्याशी गाडीवाल्याचा संबंध उरत नाही. ग्राहक परत आला तर तो ट्रॅव्हल्सवाल्याकडे येतो, गाडीवाल्याकडे नाही.

या प्रश्नाला बसल्या जागी उत्तर देण्यापेक्षा आम्ही एक धंदा जवळून पाहायचे ठरविले. ऐतिहासिक गावे दाखविणारी, दहा-बारा माणसांची, सोबत माहिती सांगणारा गाइड असलेली एका दिवसाची सहल हा तो धंदा. भांडवल थोडे लागते, गाडी आपल्या बांधवांकडे आहेच, आणि दाखवायची गावेही आपल्याला परकी नाहीत. प्रथम आम्ही ग्राहक म्हणून पैसे भरून एका सहलीला गेलो. नंतर दोन मित्र व एक गाडीवाला यांना सोबत घेऊन तशीच सहल स्वतः काढून पाहिली. दोन्हींचा जमाखर्च पुढे देत आहोत.

दोन्ही सहली शनिवार पेठेतून, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोरून निघाल्या. पुण्यात सहलीला जागा निवडायची तर हीच. रिक्षावाल्याला पत्ता समजावून सांगावा लागत नाही, आणि गाडी यायला पाच मिनिटे उशीर झाला तरी ग्राहकाला पाहायला काहीतरी असते. बाजीराव पेशव्यांनी या वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी केली, वास्तुशांत १७३२ मध्ये झाली, आणि १८२८ च्या आगीत आतील इमारती जळाल्या. उरला तो कोट, दरवाजे आणि जोती. हत्तींनी धडक देऊ नये म्हणून दरवाजाच्या फळ्यांवर बसविलेले लोखंडी अणकुचीदार खिळे मात्र सकाळी साडेसहा वाजताही दिसतात, वाडा उघडण्याची वाट पाहावी लागत नाही. या पेठेचे पेशवाईपूर्वीचे नाव मुर्तझाबाद होते. आमच्या पहिल्या सहलीच्या गाइडने ही गोष्ट सांगितली नाही. ती त्याला ठाऊक नसावी.

येथे एक सूचना. दरवाजासमोरचा रस्ता वाहतुकीचा आहे. गाडी तेथे उभी करून ग्राहकांची वाट पाहू नये. ग्राहकांना चौथऱ्यापाशी जमवावे, सगळे आले की चालकाला फोन करावा, गाडी यावी, माणसे बसावीत आणि निघावे. पहिल्या सहलीत गाडी अर्धा तास रस्त्यात उभी होती. पोलीस आला, दंड झाला, आणि दिवसाची सुरुवात वादाने झाली.

पहिली सहल : सहा ठिकाणे, एकही नीट नाही

संयोजकाचे नाव देण्याचे कारण नाही. त्याच्या जाहिरातीत सहा ठिकाणे होती : चाकणचा किल्ला, राजगुरुनगर, शिवनेरी, जुन्नर शहर, लेण्याद्री आणि नाणेघाट. वाचताना आम्हालाही वाटले, इतक्या पैशांत सहा ठिकाणे म्हणजे स्वस्त. साडेसहाला निघायची गाडी सव्वासातला निघाली. चाकणच्या चौकात ट्रकांच्या रांगेत पाऊण तास गेला. पुणे-नाशिक रस्त्याने नेहमी जाणाऱ्याला हे सांगायला नको.

चाकणला किल्ल्याच्या तटाशी दहा मिनिटे मिळाली. याच छोट्या भुईकोटाने १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांच्या हाताखाली शाएस्ताखानाच्या फौजेला पन्नासहून अधिक दिवस रोखून धरले होते. एवढी मोठी गोष्ट ऐकायलाही दहा मिनिटे पुरत नाहीत. राजगुरुनगरात, म्हणजे जुन्या खेडात, हुतात्मा राजगुरूंच्या वाड्यावरून गाडी तशीच पुढे निघाली. तेव्हा आमच्या पुढच्या बाकावर बसलेल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारले, "इथे आणखी काही पाहण्यासारखे नाही का?" गाइड म्हणाला, "नाही बाई, इथे एवढेच."

चालक तिशीचा तरुण होता, आपल्याच समाजाचा. त्याने आरशातून मागे पाहिले, काही बोलला नाही. पुढे चहाला थांबलो तेव्हा त्याने आम्हाला हळूच सांगितले, "दिलावरखानाचा रोजा आहे ना इथं. मशीदही आहे, सरकारी पाटी आहे. आमची आजी लहानपणी घेऊन यायची."

"मग बोलला का नाहीस?"

"माझं काम गाडी चालवायचं. बोलायचे पैसे त्याला मिळतात."

हे वाक्य आमच्या कानातून गेले नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीची, निजामशाही काळातली ती दगडी कबर आणि मशीद केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. महामार्गावरून रोज हजारो गाड्या तिच्या जवळून जातात. ती दाखविण्याचे पैसे घेणाऱ्याला तिचा पत्ता नव्हता, आणि ज्याला पत्ता होता त्याने आपण केवळ चाक फिरविणारे आहोत असे मनाशी ठरवून टाकले होते.

बाकीचा दिवस थोडक्यात सांगतो. शिवनेरीवर भर दुपारी चढलो. दोन वयस्क मंडळी अर्ध्यावरून परतली. जेवण चार वाजता मिळाले. लेण्याद्रीच्या पायऱ्या धापा टाकत चढलो आणि धापा टाकत उतरलो. नाणेघाटात पोहोचलो तेव्हा अंधार होता, सातवाहनांच्या राणीने कोरविलेला शिलालेख मोबाइलच्या उजेडात पाहिला. जुन्नर शहर आम्ही खिडकीतून पाहिले. बाजारपेठेत कोणी उतरले नाही, कोणी एक रुपयाची वस्तू घेतली नाही. पुण्यात पोहोचायला रात्रीचे सव्वाअकरा झाले.

नापतोलात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनच्या 'अल-मुतफ्फिफीन' या सूरहची सुरुवात आहे हे आपले दुकानदार बांधव जाणतात. तराजू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धान्य आणि कापड येते. सहलीच्या धंद्यात मापून द्यायची वस्तू वेळ आहे. ग्राहकाने दिवस विकत घेतला आणि आपण त्याला सहा ठिकाणी दहा-दहा मिनिटे दिली, तर माप कमीच भरले. ठिकाणांची यादी लांब असली म्हणून माल जास्त झाला असे होत नाही.

जुन्नर कशासाठी?

दुसऱ्या सहलीसाठी आम्ही मुख्य गाव एकच ठेवले. पुण्यापासून सुमारे ९५ किलोमीटरवरचे जुन्नर का, हे समजून घेणे आमच्या वाचकांना व्यापाराच्या दृष्टीनेही उपयोगी आहे.

जुन्नर हे व्यापाऱ्यांचे गाव. कोकणातील बंदरांतून नाणेघाट चढून येणारा माल येथे उतरत असे. सभोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी-खोदकामे आहेत, आणि त्यांतील अनेकांना दान देणाऱ्यांत व्यापारी व कारागिरांच्या श्रेणी होत्या. बहमनी काळात अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी चौल बंदरात उतरून एक घोडा घेऊन येथे आला व पावसाळाभर राहिला. परदेशी व्यापारी येथे सराईत उतरतात आणि त्यांचा स्वयंपाक तेथील बायका करतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. येथील अंमलदाराने त्याचा घोडा काढून घेतला होता, तो मोठ्या खटपटीने परत मिळाला. त्याची मोठी तक्रार मात्र वेगळीच आहे. हिंदुस्थानात भरपूर माल मिळेल असे त्याला सांगण्यात आले होते, पण त्याच्या मुलखात खपेल असे येथे काही नाही, हे त्याला आल्यावर कळले. पाचशे वर्षांपूर्वीचा हा माणूस बाजाराची चौकशी न करता घोडा घेऊन निघाला. आजही कर्ज काढून गाडी आधी घेणारे आणि ग्राहक नंतर शोधणारे आपल्याकडे कमी नाहीत.

निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य उभे केले ते जुन्नरच्या बळावर. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) त्यानंतर वसले. पुढे सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात मलिक अंबर याने निजामशाही सावरली तेव्हा काही वर्षे राजधानी जुन्नरला होती. हबशी गुलाम म्हणून हिंदुस्थानात आलेला हा माणूस १६२६ मध्ये वारला तोपर्यंत मोगलांशी झुंजत राहिला. जुन्नरलगतच्या हापूसबागेत एक भव्य दगडी घुमट उभा आहे, त्याला लोक सौदागर घुमट म्हणतात. एखाद्या सुलतानाच्या नव्हे, सौदागराच्या नावाने ओळखली जाणारी इमारत! आमच्या सहलीतल्या एका कापड दुकानदाराने तेथे पोहोचल्यावर पहिला प्रश्न केला, "हा माणूस कोणता माल विकत होता?" उत्तर कोणाकडेच नव्हते, पण त्या प्रश्नावरून पुढे अर्धा तास जी चर्चा रंगली ती कोणत्याही गाइडच्या भाषणापेक्षा चांगली होती.

आणि शिवनेरी. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी येथे झाला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत शिवनेरी आहे. त्याआधी २०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नरला पर्यटन तालुका घोषित केले होते. म्हणजे पाहुणे येणार, आणि दरवर्षी वाढणार. किल्ल्याच्या वाटेवरील एका दरवाजाचे नाव पीर दरवाजा आहे, आणि वर पाण्याच्या टाक्यावर उभी असलेली कमानी मशीद लांबूनही ओळखू येते. महाराजांच्या जन्मस्थळापाशी जाताना ग्राहक, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आदराने जातो. गाइड मुसलमान असेल तर त्याच्या तोंडून ही कथा ऐकताना लोक अधिक लक्ष देतात असा आमचा अनुभव. त्याने ती पूर्ण अभ्यासाने आणि मनापासून सांगावी. वादाचे विषय निघाले तर जे कागदोपत्री सिद्ध आहे तेवढेच बोलावे, बाकी "मला ठाऊक नाही" म्हणावे. या तीन शब्दांनी गाइडची किंमत कमी होत नाही.

कागदाची वाट

आता आमच्या कारागीर वाचकांसाठी थोडे विस्ताराने.

जुन्नर एके काळी कागदासाठी प्रसिद्ध होते. मराठेशाहीच्या दफ्तरांत जुन्नरी कागद वापरला जाई, दौलताबादी कागदाबरोबर त्याचे नाव घेतले जाई. चिंध्या, गोणपाट, ताग चुन्याच्या पाण्यात कुजवायचे, कुटायचे, लगदा हौदात ढवळायचा, चाळणीसारख्या साच्यावर एक-एक ताव उचलायचा, वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. शाई पसरू नये म्हणून हे घोटणे. हे काम करणारे कागदी मुसलमान होते. पुण्यात पेशव्यांचे दफ्तर वाढले तसा कागद जवळच तयार व्हावा अशी गरज निर्माण झाली, आणि जुन्नर-नाशिककडची कागदी कुटुंबे पुण्यात आली. शनिवारवाड्यापासून पायी थोड्या अंतरावर, कसबा पेठेत, कागदीपुरा आजही त्याच नावाने ओळखला जातो.

म्हणजे आमची सहलीची गाडी ज्या रस्त्याने जुन्नरला गेली, त्याच वाटेने ही कुटुंबे उलट दिशेने आली होती. ज्या वाड्यासमोर आम्ही ग्राहक जमवीत होतो, त्याच वाड्याला ती कागद पुरवीत होती. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. गल्लीचे नाव राहिले, हौद गेले. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा मागे राहिली. वेरूळला जाणाऱ्या सहलींच्या वाटेवर ते गाव आहे हा काही योगायोग म्हणता येणार नाही. पाहायला येणारा माणूस हाही शेवटी गिऱ्हाईकच असतो.

पुण्यात हातकागद पूर्ण नाहीसा झालेला नाही. शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. आम्ही तेथील कागद घेतला आणि अप्पा बळवंत चौकाजवळच्या, शनिवार पेठेच्या हद्दीलगतच्या एका बुकबाइंडरला गाठले. जुने गृहस्थ, तीन पिढ्यांपासून बांधणीचे काम. त्यांना विचारले, "चाचा, सहलीची माणसे रात्री आठ वाजता अर्धा तास आणली तर वही कशी शिवतात ते दाखवाल का?" ते म्हणाले, "दाखवण्यात काय आहे? पण कोणी काही घेतले नाही तर माझा अर्धा तास फुकट."

त्यांचे म्हणणे रास्त होते. सहलीच्या धंद्यात सर्वत्र चालणारी रीत अशी की गाइड ग्राहकांना दुकानात नेतो, विक्रीवर गुपचूप कमिशन घेतो, आणि ते कमिशन किमतीत चढते. ग्राहक फसतो आणि कारागिराच्या हातात मूळ भावापेक्षाही कमी उरते. आम्ही ठरविले की कमिशन घ्यायचे नाही, उलट कारागिराला अर्ध्या तासाचे सहाशे रुपये ठरीव द्यायचे, विक्री होवो अथवा न होवो. गाइडला मेहनताना देतो, मग हातातले कसब दाखविणाऱ्याला का नाही? ही रक्कम खर्चात धरूनच तिकिटाचा दर काढला.

दुसऱ्या सहलीचा हिशेब

आम्ही चौघे भागीदार. एकाची गाडी, एकाचे ग्राहक जमविण्याचे काम, एकाचा इतिहासाचा अभ्यास, आणि आम्ही हिशेबाला. गाडीवाला म्हणजे तोच, पहिल्या सहलीचा चालक. आम्ही त्याला त्याच्या मोकळ्या रविवारी बोलावून घेतले. गाडी त्याच्या मामांची, पिवळ्या पाटीची. शिरकत तोंडी न ठेवता एका कागदावर लिहिली : नफ्याचे चार भाग, तोट्याचेही चार भाग, गाडीचे भाडे वेगळे आणि आधी.

खर्च असा. गाडीचे भाडे, डिझेल व चालकाचा भत्ता धरून, ७,५०० रुपये. गाइडचा मेहनताना २,०००. चालक व गाइड यांचे जेवणखाण ६००. टोल, पार्किंग वगैरे ५००. कारागीर ६००. हे ११,२०० रुपये ग्राहक एक असो की बारा, लागणारच. त्यावर दर ग्राहकामागे जेवण २५०, चहा-पाणी ५०, तिकिटे ५०, असे ३५० रुपये. दर आम्ही १,६०० ठेवला. म्हणजे प्रत्येक ग्राहक ठरीव खर्चाला १,२५० रुपये देतो. ११,२०० ला १,२५० ने भागा, नववा ग्राहक येईपर्यंत धंदा तोट्यात असतो हे लगेच कळते.

अकरा जणांनी नावे दिली होती. आदल्या रात्री नऊ वाजता दोघांचा फोन आला की जमत नाही. त्यांच्याकडून आगाऊ रक्कम घेतली नव्हती, कारण ते ओळखीचे होते. राहिले नऊ. जमा १४,४००, खर्च १४,३५०. दिवसभराच्या उठाठेवीतून पन्नास रुपये उरले. आणखी एक जण गळला असता तर आठ ग्राहकांवर १,२०० रुपये खिशातून गेले असते. बारा आले असते तर ३,८०० उरले असते. म्हणून ओळखीचा असो वा अनोळखी, निम्मी रक्कम आधी घ्यावी, पावती द्यावी, आणि किती दिवस आधी कळविले तर किती परत मिळेल हे पावतीवरच छापावे. सहल निघेपर्यंत ती रक्कम अमानत आहे, ती इतर खर्चात घालू नये.

आता वर्षाचा विचार करा. पावसाळा व कडक उन्हाळा सोडून बत्तीस रविवार मिळाले आणि सरासरी दहा ग्राहक आले, तर सहलीमागे १,३०० प्रमाणे वर्षाला ४१,६०० रुपये. चार भागीदारांत वाटले तर प्रत्येकी दहा हजार चारशे. गाडीवाल्याला भाडे वेगळे मिळते, गाइडला मेहनताना वेगळा, म्हणून त्यांचे बरे चालते. पण या आकड्यांवर व्याजी कर्ज काढून नवी गाडी घ्यायला निघालेल्या तरुणाला आम्ही स्पष्ट सांगतो : घेऊ नकोस. आधी आहे त्या किंवा भाड्याच्या गाडीवर एक हंगाम काढ. ज्याच्याकडे गाडी आहे आणि ज्याचे रविवार रिकामे जातात, त्याच्यासाठी हा जोडधंदा आहे.

कायद्याचेही पाहून घ्यावे. खासगी पांढऱ्या पाटीच्या गाडीत पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. परवाना, फिटनेस, प्रवाशांसह विमा, पीयूसी हे सर्व चालू असावे. एका अपघाताने घर बसते. सेवांसाठी वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, तरी आपल्या हिशेबनिसाला विचारावे. घरगुती जेवण पैसे घेऊन देणाऱ्या कुटुंबाने अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्यावी.

दिवस कसा बसविला

पावणेसातला निघालो, वाटेत एक चहा, आणि सव्वानऊला शिवनेरीच्या पायथ्याशी. चढाचे ठिकाण सकाळी, सपाटीवरचे दुपारी, हा धडा पहिल्या सहलीने दिला होता. साडेबारापर्यंत खाली. जेवण जुन्नरमधील एका कुटुंबात आधी सांगून ठेवले होते. मासवडी, भाकरी, आमटी, भात. निकितिनच्या सराईची आठवण आम्ही जेवताना काढली, तेव्हा घरातल्या खालाजान दाराआडून म्हणाल्या, "मग त्या रशियनाने पैसे वेळेवर दिले होते का?" मांसाहारी पदार्थ आम्ही ठेवलाच नाही. नऊपैकी चौघे शाकाहारी होते, आणि एकाच पंगतीत सर्वांना निःशंकपणे बसता यावे हे महत्त्वाचे. स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह हे ठिकाण निवडताना आम्ही जेवणाच्याही आधी पाहिले होते. याच घरी वुजू आणि जोहरची नमाज झाली. तोवर बाकीचे ओसरीवर गप्पा मारीत बसले, कोणाचा खोळंबा झाला नाही. प्रवासात नमाज कसरने पढावी का, हा मसला निघण्यापूर्वीच आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावा.

दुपारी सौदागर घुमट, मग बाजारपेठेत पाऊण तास मोकळा. लेण्याद्री, नाणेघाट वगळले. दोन ग्राहकांनी सुरुवातीला कुरकूर केली की जाहिरातीत ठिकाणे कमी आहेत. बाजारातून परतताना त्यांच्याच हातात सर्वांत जास्त पिशव्या होत्या.

चारला निघून सव्वापाचला राजगुरुनगर. दिलावरखानाच्या रोजाजवळ गाडी थांबली आणि आम्ही गाइडला गप्प राहायला सांगितले. चालकाने गाडीची किल्ली खिशात टाकली, खाली उतरला, आणि आधी थोडा अडखळत, मग सरळ बोलू लागला. निजामशाही, दगडाची घडण, आणि आजीचे बोट धरून येथे आल्याची आठवण. सात-आठ मिनिटे बोलला असेल. मागच्या आठवड्यात त्याने दोनदा येऊन पाटी उतरवून घेतली होती, हे आम्हाला नंतर कळले. असरची नमाज तेथेच आटोपली, मगरिब चाकणच्या अलीकडे चहाच्या थांब्यावर.

आठ वाजता अप्पा बळवंत चौक. चाचांनी हातकागदाचे ताव दुमडले, सुईत दोरा ओवला, आणि बोलता बोलता वही शिवून ठोकून दिली. कागदीपुऱ्याची हकीकत आम्ही तेथेच सांगितली. नऊ ग्राहकांनी मिळून चौदा वह्या घेतल्या. चाचांचे सहाशे रुपये वेगळे दिले तेव्हा त्यांनी ते मोजून घेतले आणि विचारले, पुढचा रविवार कोणता.

पुढची सहल अकरा नावांची भरली आहे, सर्वांची निम्मी रक्कम जमा आहे. या वेळी राजगुरुनगरपासून पुढचे सांगण्याचे काम चालकाकडे आहे, आणि गाइडच्या दोन हजारांतले पाचशे त्याच्या नावावर लिहिले आहेत.